डब्याला ऊन लागते

आमच्या शाळेच्या मागल्या कुंपणापलीकडे मोबाइलचा टॉवर आहे. टॉवर म्हटला की माणसाची नजर आपोआप वर जाते. माझीही कित्येक वर्षे वरच जात होती. त्याच्या पायथ्याशी, सिमेंटच्या ओट्यावर, कपाटाएवढा एक लोखंडी डबा उभा आहे हे मला ठाऊक होते. पण तो मी पाहिला मात्र कधी नव्हता. ठाऊक असणे आणि पाहणे यांत किती अंतर असते ते शिक्षकाला तरी सांगायला नको. शेवटच्या बाकावरची मुलेही आपल्याला ठाऊक असतातच.

तो डबा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो २०२२ च्या मे महिन्यात, आणि तोही रागाने.

वऱ्हाडातला मे महिना ज्यांनी काढलेला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही. दाराची कडी पदराने धरावी लागते. गच्चीवरच्या टाकीचे पाणी सकाळी दहापर्यंत अंगावर घ्यावे. पुढे घेतले तर भाजते. नवतपा लागला की बाया कैरीचे पन्हे करून ठेवतात, पुरुष डोक्याला दुपट्टा गुंडाळतात, खिशात कांदा ठेवतात. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला, तेव्हा आमच्या अकोल्याकडची माणसे घाबरली नाहीत. नागपूरकरांनी आपल्यावर कडी केली म्हणून जराशी खट्टू मात्र झाली.

त्या वर्षी दुपारी दीड-दोन वाजले की फोनवरच्या रेघा एकेक करून मावळत आणि पाच-साडेपाचला पुन्हा उगवत. गावात टॉवर एकच, तेव्हा दुसरीकडे वळायची सोय नव्हती. किराणा दुकानदाराने फोनवरून पैसे घेण्याची पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि उधारीची वही पुन्हा बाहेर काढली. ज्याला त्याला कारण ठाऊक होते. कुणी म्हणे कंपनी बुडाली, कुणी म्हणे वीज चोरली, कुणी म्हणे शेजारच्या गावाने आपली रेघ ओढून नेली. मी यांतले काहीच मानीत नव्हते. पण मलाही कारण माहीत नव्हते, आणि दुपारी फोन बंद राहिल्याने चार पाने जास्त लिहून होतात, असे म्हणून मी मनातल्या मनात खूषही होते.

ती खुषी एका दुपारी उतरली.

आमच्या शेजारच्या काकू एकट्या राहतात. त्यांची मुले पुण्याला. मी लोणच्याची बरणी परत करायला गेले तर काकू स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेल्या. अंग तव्यासारखे तापलेले, कातडी कोरडी ठणठणीत, आणि तोंडाने काहीतरी असंबद्ध चाललेले. मी १०८ लावला. फोनवर एकही रेघ नव्हती. शेजारणीचा फोन घेतला, वाण्याचा घेतला, वाटेने जाणाऱ्या एका मुलाचा घेतला. चारही फोन मुके. वीजही गेलेली, म्हणजे कूलर बंद. ग्रामीण रुग्णालय नऊ किलोमीटरवर. एक जण ऑटो शोधायला धावला. आम्ही बायकांनी चादर पाण्यात भिजवून काकूंना गुंडाळले, मानेला आणि काखेत ओले फडके लावले आणि सुपाने वारा घालीत बसलो. ऑटो यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी किती वेळा फोनच्या काचेकडे पाहिले असेल ते देव जाणे.

काकू वाचल्या. ओल्या चादरीने आणि सुपाच्या वाऱ्याने वाचवले असे डॉक्टर म्हणाले. तीन दिवसांनी त्या घरी आल्या. चौथ्या दिवशी मी शाळेच्या मागल्या कुंपणाशी जाऊन त्या डब्याकडे पाहत उभी राहिले. त्याला चार शब्द सुनवावे, असे खरोखर मनात होते.

जाळीच्या आत एक मुलगा डब्याचे दार उघडून बसला होता. पंचविशीच्या आतला, कपाळावर घाम, खांद्यावर दुपट्टा. माझा राग आयता त्याच्यावर निघाला. त्याने तो मुकाट्याने ऐकून घेतला; त्याची ती सवय असावी. मग डब्याच्या दारातून त्याने वहीएवढी एक चौकट ओढून काढली आणि माझ्यापुढे धरली.

“हे पाहा, बाई. याले श्वासच घेता येत नव्हता.”

ती हवा गाळायची जाळी होती. तिच्यावर करड्या रंगाचा जाड थर बसलेला होता, गोधडीच्या तुकड्यासारखा. मी बोटाने उचकटून पाहिला. आत कापूस होता. हिवाळाभर गावातले जिनिंग चालते आणि कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात. आमच्या केसांत, पापडांत, देवाच्या फोटोंवर ते बसतात. डब्याचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो, त्या हवेबरोबर तेही ओढतो. दिवाळीपासून मार्चपर्यंत डब्याने स्वतःसाठी गादी भरून घेतली होती, आणि नेमक्या मे महिन्यात ती नाकावर घेऊन तो उभा होता.

“डब्याले बी ऊन लागते, बाई,” तो म्हणाला. “आपल्यासारखंच.”

माझे विज्ञान दहावीत संपले. पण शिकवण्याची सवय अशी असते की कुणी काही सांगू लागले की आपण आधी विद्यार्थी होतो. जाळीच्या अलीकडे मी, पलीकडे तो, असा आमचा वर्ग तासभर भरला. त्याने जे सांगितले ते मी पुढे ताडून पाहिले, आणि ते बरोबर होते.

डब्याला दोन उष्णता सोसाव्या लागतात. एक सूर्याची. मे महिन्याच्या भर दुपारी एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा छतावर सुमारे १००० वॅट ऊन पडते. म्हणजे डोक्यावर विजेची एक शेगडी पेटवून ठेवल्यासारखेच. म्हणून असे डबे पांढऱ्या किंवा फिक्या रंगाचे करतात. चांगला पांढरा रंग यातले बरेचसे ऊन परतवून लावतो, पण वर्षाची धूळ साचली की तो पांढरा राहत नाही. दुसरी उष्णता डब्याची स्वतःची. आत जी यंत्रे आहेत ती जेवढी वीज खातात ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. आपण बोलतो, पैसे पाठवतो, सिनेमे पाहतो, त्या सगळ्यांचे श्रम तो डबा करतो आणि तापतो. सूर्य मावळला तरी ही दुसरी उष्णता थांबत नाही.

पंखा ही उष्णता बाहेर फेकतो. पण पंख्याला एक मर्यादा आहे. बाहेरच्या हवेपेक्षा आतली हवा थंड करणे त्याच्या हातात नाही. बाहेर पंचेचाळीस अंश असतील तर आत त्याहून जास्तच असणार. उघड्यावर ठेवायची यंत्रे अशी घडवलेली असतात की आतली हवा साठ-पासष्ट अंशांपर्यंत चढली तरी ती तग धरतात. त्यापलीकडे गेले की ती आधी काम कमी करतात आणि मग स्वतःला बंद करून घेतात. जळून जाण्यापेक्षा मूर्च्छा बरी, असा तो हिशेब असतो. संध्याकाळी अंग निवले की पुन्हा डोळे उघडतात. आमच्या फोनवरच्या रेघा मावळत आणि उगवत होत्या, त्याचे कारण एवढेच होते.

“पण त्या दिवशी तर वीज गेली होती,” मी म्हटले.

“वीज गेली तर बॅटरी हाये ना. चार तास चालाले पाहिजे.” त्याने खालच्या कप्प्याकडे बोट दाखवले. बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकीला एक जोडून अठ्ठेचाळीस व्होल्ट होतात, त्यावर सगळा डबा चालतो. “पण ह्या आता वीस मिनिटंच पुरतात. उन्हानं खाल्ल्या.”

यंत्रापेक्षा बॅटरी नाजूक. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य पंचवीस-सत्तावीस अंशांची हवा धरून सांगितलेले असते. त्यावर दर दहा अंश वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस या रसायनशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये उष्णतेने रासायनिक क्रिया किती भराभर वाढते याचे समीकरण मांडले होते. हा ठोकताळा त्याच घराण्यातला. घरी येऊन मी चौथीच्या मुलाला घालावे तसे गणित स्वतःला घातले. पंचविसाचे पस्तीस झाले, आयुष्य निम्मे. पस्तिसाचे पंचेचाळीस झाले, निम्म्याचे निम्मे. सतत अशा उन्हात राहिली तर चार वर्षांची बॅटरी एका वर्षात म्हातारी. मरताना ती सांगत नाही. वीज असेपर्यंत ती धडधाकट दिसते. वीज गेली की एखादी म्हातारी स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली असते आणि चार फोन मुके असतात, तेव्हा ते उघडकीला येते.

दार लावताना त्या मुलाने सहज इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, “इथं झाड होतं काय, बाई?”

कुंपणाच्या आमच्या बाजूला, डब्याच्या बरोबर पश्चिमेला, एक कडुनिंबाचा बुंधा होता. मी “हो” म्हटले आणि विषय बदलला.

ते झाड २०२१ च्या पावसाळ्याआधी तोडले. त्याचा पाला कवेलूंवर साचे, पावसाचे पाणी तुंबून वर्गात गळे, फांद्या विजेच्या तारांना लागत. शाळेच्या समितीपुढे अर्ज आला, आणि त्यावर पहिली सही माझी होती. फांद्या छाटून भागले असते. पण सबंध झाड तोडायला माणसे आयती आली होती आणि दर वर्षीची कटकट मिटत होती. त्या झाडाची दुपारची सावली कुंपण ओलांडून कुठे पडते, हे मी कधी पाहिले नव्हते. सावली आपल्या अंगणात पडत नसेल तर ती आपली नव्हे, असे आपण धरून चालतो. आपल्यालाही एका सावलीचे भाडे भरावे लागत होते आणि ते इतकी वर्षे एक झाड भरीत होते, हे मला त्या कुंपणाशी उभे राहून समजले.

अपराधी माणसाला स्वस्थ बसवत नाही. काकूंना ओल्या चादरीने वाचवले होते, मग डब्याला का नाही? दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या शिपाईमामांना दोन पोती भिजवून दिली. मामांनी टॉवरच्या राखणदाराशी गोड बोलून ती डब्यावर टाकली, चारी बाजूंनी नीट खाली सोडली, आणि मोठ्या समाधानाने परत आले. त्या दिवशी रेघा दीडऐवजी साडेबारालाच मावळल्या.

तो मुलगा पुन्हा आला, तेव्हा मात्र त्याचा आवाज चढला. वाळत आलेली पोती त्याने माझ्यापुढे टाकली. पोत्यांनी पंख्याची तोंडे बंद केली होती. आतली हवा आतच कोंडली. शिवाय ज्या डब्यात विजेची मुख्य तार जाते त्याच्यावर पाणी थिबकत ठेवणे म्हणजे काय, हे त्याने मला आणि मामांना स्वच्छ शब्दांत सांगितले. काकूंचे अंग ओल्या चादरीने निवले ते वाऱ्यामुळे. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन गेले. आम्ही डब्याला चादर दिली आणि वारा काढून घेतला. मी खाली मान घालून उभी होते. हे पाहून तो विरघळला असावा, कारण जाता जाता जरा हळू आवाजात म्हणाला, “सावली अंगाले चिकटवाची नसते, बाई. जरा दूर धरा लागते.”

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. मी जिथे पाहावे तिथे मला तेच दिसू लागले. छत्री डोक्याला चिकटलेली नसते. दुपट्टा बांधणारा म्हातारा तो सैल बांधतो. आमच्या कवेलूंच्या घरात छताखाली माळा असतो, तिथे धान्यापेक्षा हवाच जास्त साठवलेली असते. आणि मला अकोल्याच्या कृषी विद्यापीठात मुलांची सहल नेली होती, तेव्हाची हवामानाची पेटी आठवली. गवतावर चार पायांवर उभी, पांढरी, सगळीकडून झिलमिलीच्या फळ्यांची. मुलांनी मला विचारले होते, “बाई, हे कबुतरांचं घर आहे का?” आत कबुतरे नव्हती, तापमापक होते. ऊन मोजणाऱ्या यंत्रालाच आधी उन्हापासून वाचवावे लागते. नाहीतर ते हवेचे तापमान सांगत नाही, स्वतःचे सांगते. ती पेटी टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटलंडच्या दीपगृहे बांधणाऱ्या इंजिनिअरने १८६४ मध्ये योजली. दुहेरी छत, मध्ये मोकळी हवा, तिरक्या फळ्या, पांढरा रंग, आणि आमच्या गोलार्धात दार उत्तरेकडे. हा टॉमस म्हणजे कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचा बाप. मुलाचे नाव जगाला ठाऊक. बापाची पेटी जगभर गवतावर उभी. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून जरा बोचलेच.

आणखी एक गोष्ट अशीच हाती लागली. आपल्याकडे १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली आणि तिने खेड्यांसाठी १२८ लायनींचे एक टेलिफोन एक्स्चेंज बनवले. तोवरची इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजे गार हवेच्या खोलीत, पाव्हण्यासारखी बसत. हे एक्स्चेंज १९८६ च्या जुलैत कर्नाटकातल्या कित्तूरला चालू झाले, आणि त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती. ते आमच्या धुळीत आणि उन्हात चालावे असेच घडवले होते. युक्ती अशी की ते मुळात वीजच कमी घेई, म्हणून तापेही कमी. म्हणजे शहाणपणाचा क्रम असा लागतो: आधी उष्णता निर्माणच कमी करावी, मग बाहेरची दाराशीच अडवावी, आणि एवढे करून जी उरेल तिच्याशी पंख्याने किंवा यंत्राने झगडावे. आम्ही नेमके उलट चालतो. झाड तोडतो आणि कूलर आणतो.

त्या पावसाळ्यात मी टॉवरच्या कंपनीला चार पत्रे लिहिली. पाल्हाळ आवरून, कादंबरीकाराची सवय सोडून लिहिली: जाळी जिनिंग संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये साफ व्हावी, बॅटऱ्या बदलाव्या, डब्यावर सावली व्हावी. पहिल्या तीन पत्रांना पोच आली नाही. चौथ्या पत्रावर त्या काकूंनी सही केली, थरथरत्या अक्षरात, आणि खाली स्वतःच्या मनाने एक ओळ जोडली की मला पुन्हा ऊन लागेल तेव्हा फोन लागावा. त्या ओळीने काम केले की त्या मुलाने आतून काही खटपट केली, मला कळले नाही. मी पऱ्हाट्यांचा मांडव घालून देण्याची तयारी दाखवली होती, तेव्हा तो हसला होता; वाळलेल्या काड्या आणि वीज यांचे जमत नाही. पण २०२३ च्या मार्चमध्ये चार खांब आले, त्यांवर पांढरा रंग दिलेला पत्रा आला. पत्रा डब्याच्या छतापासून हातभर उंच होता आणि चारी बाजूंनी मोकळा. पश्चिमेकडून मात्र तो जरा पुढे, खाली झुकता आणला होता. गेलेल्या झाडाची तेवढी जागा त्याने भरून काढली. नव्या बॅटऱ्याही आल्या. रेघा अजूनही कधी जातात, नाही असे नाही. पण उन्हाच्या ठरल्या वेळेला जात नाहीत.

बुंध्याशेजारी मी नवा कडुनिंब लावला. आज तो माझ्या डोक्याच्या वर गेला आहे, पण कुंपण ओलांडायला त्याला अजून वेळ आहे.

मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात आमच्याकडे एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच नाहीशी होते. शाळेला सुट्टी असते, पण आंब्याचे आमिष दाखवून मी दर वर्षी आठ-दहा मुले गोळा करते आणि शाळेच्या मागे एक काठी रोवते. पत्रा बसला त्या वर्षीही रोवली. बाराच्या पुढे थोडा वेळ गेला आणि काठीची सावली आखडत आखडत संपली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खांबांना सावली नव्हती, कुंपणाला नव्हती, आम्ही सगळे आपापल्या सावल्यांवर पाय देऊन उभे होतो. तेवढ्यात तिसरीतली एक मुलगी जाळीला नाक लावून म्हणाली, “बाई, त्या डब्याले आहे ना!”

पत्र्याखाली तो डबा सावलीत उभा होता. त्याचा पंखा संथ चालला होता. काकूंच्या घरी निरोप पाठवायचा होता, तो मी तिथूनच फोन करून सांगितला.